श्रीहरिकोट्याला जाताना एक दिवस हातचा ठेवा

तिरुपतीला जाऊन आल्या नाहीत अशा तुमच्यापैकी फार थोड्याजणी असतील. कुणी नवस फेडायला, कुणी लग्नानंतर जोडीनं, कुणी सासूबाईंना घेऊन. बालाजीचं दर्शन, खाली पद्मावतीचं दर्शन, वेळ असलाच तर कालहस्ती, आणि मग लाडू सांभाळत परतीची गाडी. पण मैत्रिणींनो, बालाजीच्या डोंगरापासून पूर्वेला, समुद्राच्या दिशेनं शंभरएक किलोमीटर गेलं, की आणखी एक पाहण्याजोगं ठिकाण आहे. २०२२ पर्यंत ते नेल्लूर जिल्ह्यात होतं, आता तिरुपती जिल्ह्यातच येतं. श्रीहरिकोटा! चांद्रयान उडालं ते इथूनच. टीव्हीवर तुम्ही ते पाहिलंच असेल. पण अग्निबाणाचं उड्डाण तुम्हा-आम्हाला समोर बसून पाहता येतं, आणि तेही एक पैसा न देता, हे अजून पुष्कळजणींना ठाऊक नसतं.

आधी वाट सांगते. चेन्नईहून उत्तरेला जाणाऱ्या लोकलनं सुमारे दोन तासांत सुल्लुरपेट येतं. तिरुपतीकडून यायचं तर कालहस्ती, नायडुपेट असा रस्ता आहे. सुल्लुरपेट हे आपल्याकडच्या तालुक्याच्या गावासारखंच गाव. इथं चेंगाळम्मा देवीचं नावाजलेलं देऊळ आहे. या देवळाची दारं कधी मिटत नाहीत अशी त्याची ख्याती. मोठ्या उड्डाणाआधी इस्रोचे अध्यक्षही देवीला नमस्कार करून जातात. परीक्षेला निघालेल्या मुलाच्या हातावर दही ठेवणाऱ्या आपल्याला त्यात नवल कसलं?

सुल्लुरपेट सोडलं की खरी गंमत सुरू होते. पुढचा वीसेक किलोमीटरचा रस्ता पुलिकत सरोवरातूनच जातो. दोन्ही बाजूंना उथळ, मचूळ पाणी आणि मधून सरळ डांबरी पट्टी. ओरिसाच्या चिल्का सरोवराखालोखाल मचूळ पाण्याचं एवढं मोठं सरोवर आपल्या देशात दुसरं नाही. हिवाळ्यात गेलात तर या पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे उभे दिसतील. भिगवणला उजनीच्या पाण्यावर येतात ना, तेच हे गुलाबी पंखांचे फ्लेमिंगो. उन्हाळ्यात मात्र पाणी आटतं आणि नुसता भेगाळलेला चिखल पसरलेला दिसतो. तेव्हा ऋतू पाहून निघा.

सरोवर ओलांडलं की बेट लागतं. एका अंगाला पुलिकत, दुसऱ्या अंगाला बंगालचा उपसागर, आणि मधे ही लांबोडकी, झाडीनं भरलेली जमीन. केंद्राच्या ताब्यात ४३ हजार एकरांहून जास्त जागा आहे आणि तिच्यातला बराचसा भाग अजून रानच आहे. या रानात पूर्वी यानादी नावाचे आदिवासी राहत. कंदमुळं, मध, औषधी झाडपाला आणि सरोवरातली मासळी यांवर त्यांचं चाले. सरकारनं बेट घेतलं तेव्हा त्यांना आपल्या वस्त्या सोडाव्या लागल्या. काहींना पुढं केंद्रातच कामं मिळाली. आभाळाकडे झेपावणारा अग्निबाण पाहताना आपण या जमिनीच्या जुन्या माणसांचीही आठवण ठेवायला हवी.

पण एवढ्या दूरचं हे बेटच का निवडलं? कारण मोठं सोपं आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. श्रीहरिकोट्याच्या जागी तिचा हा वेग ताशी १६०० किलोमीटरच्या वर भरतो. धावत्या गाडीतून पुढच्या दिशेला चेंडू फेकला तर त्याला गाडीचाही वेग मिळतो, तसा पूर्वेला सोडलेल्या अग्निबाणाला पृथ्वीचा वेग आयताच मिळतो. शिवाय पूर्वेला सगळा समुद्र. जळून रिकामे झालेले टप्पे खाली पडले तरी कुणाच्या घरावर पडायचे नाहीत. म्हणून १९६९ मध्ये ही जागा ठरली आणि ९ ऑक्टोबर १९७१ रोजी रोहिणी-१२५ हा लहानसा अग्निबाण इथून पहिल्यांदा उडाला. पुढं २००२ मध्ये इस्रोचे माजी अध्यक्ष सतीश धवन यांचं नाव केंद्राला दिलं गेलं.

आता अग्निबाणाचं स्वयंपाकघर पाहू. हसू नका, तुलना अगदी चपखल आहे! त्याला मुख्यतः दोन तऱ्हेचं इंधन लागतं. घन इंधन म्हणजे दिवाळीतला भुईनळा. एकदा पेटला की विझवता येत नाही. द्रव इंधन म्हणजे आपली गॅसची शेगडी. चावी फिरवली की बंद. चांद्रयान-३ नेणारा एलव्हीएम-३ हा साडेत्रेचाळीस मीटर उंच, म्हणजे चौदा मजली इमारतीएवढा, आणि ६४० टन वजनाचा. जमीन सोडताना त्याचे दोन्ही बाजूंचे भुईनळे तेवढे पेटतात. एकेकात सुमारे दोनशे टन घन इंधन! मधली द्रव इंधनाची इंजिनं पावणेदोन मिनिटांनी, हवेत असतानाच सुरू होतात. सगळ्यात वरच्या टप्प्यात द्रवरूप हायड्रोजन आणि ऑक्सिजन. त्यातला हायड्रोजन उणे २५३ अंशांवर ठेवावा लागतो. आपल्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा उणे अठराच्या आसपास असतो, यावरून कल्पना करा.

हे घन इंधन श्रीहरिकोट्यातच तयार होतं. अमोनियम परक्लोरेट, अॅल्युमिनियमची भुकटी आणि या दोन्हींना धरून ठेवणारं रबरासारखं चिकट द्रव्य, असं सारं मोठमोठ्या यंत्रांत एकजीव होईपर्यंत तिंबतात, पोलादी कवचात ओततात आणि उबेत कित्येक दिवस मुरू देतात. आत बुडबुडा किंवा भेग राहिलेली चालत नाही, म्हणून क्ष-किरणांनी तपासणी होते. हे घन इंधन देशातच बनावं म्हणून ज्यांनी आयुष्य वेचलं, त्यांत आपले पुण्याचे डॉ. वसंत गोवारीकर होते. पोलादी कवचांचे भाग इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला घडतात, तर द्रव इंधनाची ‘विकास’ इंजिनं विक्रोळीच्या गोदरेजमध्ये. म्हणजे उड्डाण आंध्रातून झालं तरी त्यात आपल्या माणसांचाही घाम आहे. आणि हे काम जोखमीचंही आहे. २३ फेब्रुवारी २००४ रोजी इथल्या घन इंधनाच्या कारखान्यात स्फोट होऊन सहाजणांचा जीव गेला.

सर्वसामान्यांसाठी इथं २०१९ च्या मार्चअखेरीस पाच हजार माणसांची प्रेक्षक गॅलरी बांधली गेली आणि १ एप्रिल २०१९ चं पीएसएलव्हीचं उड्डाण तिथून लोकांनी पाहिलं. समोर मोठे पडदे असतात, त्यांवर काय चाललंय ते समजावून सांगतात. उलटी मोजणी शून्यावर येते. झाडांच्या शेंड्यांमागून झगझगीत उजेड वर चढू लागतो, आणि नवल म्हणजे आवाज मुळीच नाही! आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात आणि आपण बसलेलो असतो सहा-सात किलोमीटरवर. उजेड बराच वर गेल्यावर मग गडगडाट येऊन थडकतो. लहान मूल मांडीवर असेल तर आधीच त्याचे कान झाका. दोन-तीन मिनिटांत सारं आटोपतं. मागं उरते धुराची एक वेडीवाकडी रेघ, आणि तीही वाऱ्यानं पुसली जाते.

पण आता मुख्य गोष्ट. इतक्या लांब जाऊन काहीच दिसलं नाही, असंही होऊ शकतं. १५ जुलै २०१९ च्या पहाटे चांद्रयान-२ चं उड्डाण ५६ मिनिटं आधी थांबवलं गेलं. घड्याळ तिथंच थांबलं आणि लोक माघारी गेले. कुकरची रिंग फुसफुसतेय असा संशय आला तर आपण ‘होईल काहीतरी’ म्हणून आच मोठी करतो का? आधी गॅस बंद करतो, मग पाहतो. त्यांनीही तेच केलं, आणि २२ जुलैला यान सुखरूप गेलं. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी गगनयानाच्या चाचणीत तर अवघे पाच सेकंद उरले असताना संगणकानं उड्डाण रोखलं. दोष सापडला आणि दहा वाजता तेच वाहन उडालं.

उडालं म्हणजे साधलं, असंही नाही बरं का. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ चं पहिलं उड्डाण फसलं आणि सारं समुद्रात गेलं. प्रकल्पप्रमुख होते डॉ. अब्दुल कलाम. पण वार्ताहरांपुढं जाऊन जबाबदारी घेतली ती सतीश धवन यांनी. वर्षभरानं, १८ जुलै १९८० ला तेच उड्डाण यशस्वी झालं, तेव्हा मात्र धवन यांनी कलामांना पुढं केलं. घरातल्या वडीलधाऱ्यांनी कसं वागावं, याचा हा धडाच नाही का?

अलीकडचंही पाहा. २९ जानेवारी २०२५ ला श्रीहरिकोट्याहून शंभरावं उड्डाण झालं. अग्निबाणानं आपलं काम चोख केलं, पण उपग्रहातली झडप उघडली नाही आणि तो ठरल्या कक्षेत पोचला नाही. १८ मे २०२५ ला पीएसएलव्ही तिसऱ्या टप्प्यात फसला, १२ जानेवारी २०२६ ला पुन्हा तिसऱ्याच टप्प्यात. वर्षानुवर्षं भरवशाचा म्हणून ज्याचं नाव घेतलं, त्याचीच ही गत! या दोहोंच्या मधे, २ नोव्हेंबर २०२५ ला एलव्हीएम-३ नं ४४१० किलोंचा उपग्रह नेला आणि २४ डिसेंबरला ६१०० किलोंचा. एकाच घरातली दोन मुलं, एक पहिलं आलं, एक नापास झालं. दोघांनाही जेवायला वाढायचंच असतं आणि नापास झालेल्याजवळ जरा जास्त वेळ बसायचं असतं.

‘हे सगळं खरं, पण आपल्या घराशी याचा संबंध काय?’ असं तुम्ही विचाराल. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. ते समुद्रात फिरत असल्यापासून वरून त्याच्यावर लक्ष ठेवणाऱ्यांत २०१६ साली इथूनच गेलेला इन्सॅट-३डीआर हा उपग्रह होता. लोकांना आधी हलवता आलं ते अशा सूचनांमुळंच. किनाऱ्यावरच्या बाईला विचारा, तिचा घरधनी होडी घेऊन जाण्याआधी हवामानाची बातमी का ऐकतो.

आणि या कामात बायका कुठं आहेत म्हणाल, तर जागोजाग आहेत. चांद्रयान-२ च्या प्रकल्प संचालक एम. वनिता आणि मोहीम संचालक रितू करिधल, चांद्रयान-३ च्या कल्पना के., सूर्याकडे गेलेल्या आदित्य-एल१ च्या निगार शाजी. आणखी एक नाव मला आवर्जून सांगायचंय, वलरमती. कित्येक वर्षं श्रीहरिकोट्याची उलटी मोजणी आपण ऐकत होतो ती त्यांच्या आवाजात. चेहरा कुणाला माहीत नाही, पण आवाज घराघरात पोचलेला. ना घाई, ना घबराट. सप्टेंबर २०२३ मध्ये त्या गेल्या. पडद्यामागं राहून वेळेवर नेमकं बोलणारं माणूस किती मोलाचं असतं, ते आपल्याइतकं कुणाला कळणार?

तेव्हा जायचं ठरवाल तर एवढं करा. उड्डाणाची तारीख जाहीर झाली की केंद्राच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवा. नोंदणी काही दिवसच आधी उघडते आणि भराभर भरते. प्रत्येकाचं ओळखपत्र बरोबर असू द्या आणि काय नेता येतं, काय नाही, ते तिथल्या सूचनांत नीट वाचा. ऊन कडक असतं, टोप्या विसरू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्या किनाऱ्यावर पावसाचे दिवस असतात, म्हणून छत्र्याही घ्या. थोडा वेळ काढून तिथलं संग्रहालय आणि बागेत उभे केलेले अग्निबाण पाहा. पक्ष्यांची आवड असेल तर सुल्लुरपेटहून जवळच नेलपट्टूला पाणकोळी म्हणजे पेलिकन घरटी करतात, तेही पाहून घ्या.

आणि परतीचं तिकीट त्याच रात्रीचं काढू नका. एक दिवस हातचा ठेवा. मुलांना निघण्याआधीच सांगून ठेवा, की उड्डाण थांबवलं तर रुसायचं नाही. कुणीतरी वेळेवर ‘थांबा’ म्हणालं, हेसुद्धा तिथं जाऊन पाहण्यासारखंच आहे.