उणिवेचा काळोख

'कॅसलव्हेनिया : सर्कल ऑफ द मून' हा कोनामीचा खेळ २००१ साली गेम बॉय अ‍ॅडव्हान्स या हातात मावणाऱ्या यंत्रासोबतच अवतरला. त्या यंत्राच्या पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता, आणि खेळ तर ड्रॅक्युलाच्या किल्ल्यातल्या काळोखात घडणारा. बदलापूरहून सुटणाऱ्या लोकलमध्ये तो खेळू पाहणाऱ्याला खिडकीच हवी. अंबरनाथ, उल्हासनगर येथे गर्दी आत लोटली की उभ्या माणसांच्या सावलीत पडदा बुडणार. ही यंत्राची उणीव होती, हे निर्विवाद. तथापि तिचा परिणाम आशयाशी विलक्षण जुळणारा आहे, आणि पुनर्भेटीत जाणवते ते हेच.

आरंभीच नायकाच्या पायाखालची जमीन खचते व तो किल्ल्याच्या तळाशी कोसळतो. पुढे मिळालेले प्रत्येक सामर्थ्य त्याला मागच्या बंद दारांकडे परत पाठवते. येथे कथन पुढे सरकते ते पुनरागमनाने. औषध विकणारे दुकान नाही. दहा आणि दहा अशा वीस पत्त्यांच्या शंभर जोड्या शक्य, पण ते पत्ते मारलेल्या शत्रूकडून, तेही दैवयोगाने मिळायचे.

'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मंजुघोषा' (१८६८) यांना 'अद्भुतरम्य' म्हणून आपल्या समीक्षेने वास्तववादाच्या मापाने मोजले व हिणकस ठरवले. खेळांचेही आज तेच होते आहे. वास्तविक भय हे प्रथम अवकाशाचे असते. अंबरनाथच्या शके ९८२ (इ. स. १०६०) मधील शिवालयात सभामंडपातून पायऱ्या उतरून गर्भगृहात जावे लागते. तेथे खाली उतरणे म्हणजे देवाजवळ जाणे. गॉथिक कथेत मात्र तळघर म्हणजे कोंडी आणि पूर्वजांचे पाप. ती पायवाट पावलांना ठाऊक असलेल्या खेळाडूला किल्ल्याचा तळ निव्वळ परका वाटणार नाही.

२०२१ च्या पुनरावृत्तीत पडदा उजळला, आणि चुकलेला क्षण मागे फिरवण्याची सोयही आली. काठिण्याचे समर्थन हा पुष्कळदा सवड असलेल्यांचा शौक असतो (समीक्षकही त्यातलेच). नोकरीहून परतताना वीस मिनिटे मिळणाऱ्याने ही सोय का नाकारावी? पण मरण परतवता येऊ लागले की नोंद करण्याच्या दालनापर्यंत जीव मुठीत धरून जाणे उरत नाही. किल्ला तोच राहतो, दालने तीच. फक्त दोन दालनांमधले अंतर नाहीसे होते.