शेजारचा सामना

परवा रात्री जेवण उरकून ओट्यावर बसलो होतो, तेवढ्यात भाच्याचा फोन आला. आपल्याकडे रात्र म्हणजे त्याच्याकडे सकाळ. "काय करलालात मामा?" अशी अस्सल उमरग्याची हाक सातासमुद्रापलीकडून आली की बरं वाटतं. पोरगं अमेरिकेत गेलं तरी भाषा काही बदलली नाही. :)

भाचा पुलमन नावाच्या गावात शिकतो. वॉशिंग्टन राज्यातलं हे गाव (राजधानीचं वॉशिंग्टन ते वेगळं, ते देशाच्या दुसऱ्या टोकाला). आजूबाजूला गव्हाच्या टेकड्या आणि मधोमध विद्यापीठ, वॉशिंग्टन स्टेट. शिकणारी पोरं सुट्टीत घरी गेली की गाव ओस पडतं म्हणे. त्याने पाठवलेले फोटो पाहून बहीण म्हणाली होती, "अरे, हे तर आपल्या रब्बीच्या रानासारखंच दिसतंय की!"

तर त्या रात्री भाचा हवापाणी सोडून भलत्याच गोष्टीवर बोलत होता. त्याच्या विद्यापीठाची म्हणे भावकीच उठून गेली!

मला आधी काही कळेना. मग त्याने समजावून सांगितलं. तिकडे कॉलेजच्या खेळांचं, त्यातही त्यांच्या त्या फुटबॉलचं, प्रचंड वेड. विद्यापीठांचे गट असतात, त्याला कॉन्फरन्स म्हणतात. वर्षभर बहुतेक सामने गटातल्या गटात. पॅसिफिक किनाऱ्याकडच्या विद्यापीठांचा असाच एक गट होता, पॅक-12. त्याची मुळं पार 1915 पर्यंत जातात. जून 2022 मध्ये लॉस एंजेलिसच्या दोन बड्या विद्यापीठांनी जाहीर केलं, आम्ही चाललो बिग टेन नावाच्या दुसऱ्या गटात. मग 2023 च्या उन्हाळ्यात एकामागून एक अशी आणखी आठ गेली. बारातले दहा गेले, राहिले दोन. एक ओरेगन स्टेट आणि दुसरं आमच्या भाच्याचं वॉशिंग्टन स्टेट.

कारण? टीव्हीचा पैसा. ज्या गटाचे सामने जास्त लोक बघतात, त्याला जास्त रक्कम. मग मोठ्या शहरातल्या विद्यापीठांना सगळे बोलावतात. गव्हाच्या रानातल्या विद्यापीठाला कोण विचारतंय?

गंमत म्हणजे त्या बिग टेनमध्ये आता दहा नाही, अठरा विद्यापीठं आहेत. स्टॅनफर्ड आणि बर्कली, दोन्ही कॅलिफोर्नियातली, ती गेली अटलांटिक कोस्ट नावाच्या गटात. म्हणजे पश्चिम समुद्राकाठचे लोक पूर्व समुद्राच्या नावाखाली खेळणार! आपल्या रत्नागिरीकरांनी विदर्भाच्या संघातून खेळावं, तसलाच प्रकार. फुटबॉलवाल्यांचं एक वेळ ठीक. पण व्हॉलीबॉलच्या पोरींनीसुद्धा सामन्यासाठी अख्खा देश ओलांडायचा.

"आणि मामा," भाचा म्हणाला, "इथं लोक वर्षभर हेच बोलतात. आता कोण जाणार, कुणाला घेणार, कोण फुटणार."

मी हसलो. म्हटलं, बाबा, हे मला नवीन नाही.

मंडळी, आता थोडं मागे जाऊ या.

मी 1992 मध्ये उमरग्यात कॉलेजला लागलो. अभ्यासात बेताचा, पण खो-खोत बरा होतो. तेव्हा अख्ख्या मराठवाड्याला एकच विद्यापीठ, औरंगाबादचं. 23 ऑगस्ट 1958 ला ते सुरू झालं, त्याआधी आपल्याकडची कॉलेजं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली. नकाशा काढून बघा, उमरग्याहून हैदराबाद दोनशेच्या आसपास किलोमीटर आणि औरंगाबाद तीनशेच्या वर. आमचं गावच असं कडेला आहे. हायवेने पूर्वेला निघालं की बसवकल्याण, म्हणजे कर्नाटक. पश्चिमेला सोलापूर, शंभर किलोमीटरच्या आत. उत्तरेला लातूर, निलंगा. विद्यापीठ मात्र सगळ्यात लांब.

पण आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही, कारण आमचं खरं वैर निलंग्याशी. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत कुणाकडूनही हरलो तरी चालेल, निलंग्याकडून हरायचं नाही. ते लोकही तसेच. त्यांच्यात एक उंच, हडकुळा गडी होता. तेरणेच्या पल्याडचा, किल्लारीकडच्या एका खेड्यातला. खांबावर सूर मारून गडी टिपण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. मी संरक्षणातला. त्याने मला दोनदा टिपलं, मी त्याला एकदा दमवून दमवून वेळ काढली. त्याच वर्षी विद्यापीठ संघाच्या शिबिराला आम्ही दोघंही निवडले गेलो. रात्रभराच्या एसटीत शेजारी बसलो. तो मला "उमरग्या" म्हणायचा, मी त्याला "निलंग्या". खरी नावं घरच्यांसाठी.

दुसऱ्या वर्षी, 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे. तेरणेच्या पल्याड किल्लारी, अल्याड सास्तूर. सास्तूर तेव्हा उमरगा तालुक्यातच होतं. कॉलेजची पोरं मिळेल त्या गाडीने गेलो, दगड उपसले. ते काय पाहिलं ते मी आजवर कधी लिहिलं नाही, आजही लिहीत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी नदीपल्याड गेलो आणि त्याला शोधून काढलं. घर गेलं होतं, माणसं वाचली होती. त्याने मला बघितलं आणि नुसता खांद्यावर हात ठेवला. खो द्यावा तसा. बोललो काहीच नाही.

त्या वेळी तेरणा ही सीमा वाटली नव्हती. कागदावर ती तशी होतीच. लातूर जिल्हा 1982 मध्ये उस्मानाबादेतून वेगळा झालेला. पण जिल्हा वेगळा झाला तरी मैदान एक होतं, कारण विद्यापीठ एक होतं.

मग आलं 1994. जानेवारीत विद्यापीठाचा नामविस्तार झाला, आणि 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, नांदेडला नवीन विद्यापीठ झालं, स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं. नांदेड, लातूर, परभणी तिकडे. औरंगाबाद, जालना, बीड आणि आम्ही उस्मानाबादवाले इकडे. खरं सांगतो, तेव्हा मलाही आनंदच झाला होता. उदगीर-देगलूरच्या पोरांना एका गुणपत्रिकेसाठी औरंगाबाद गाठायचं म्हणजे काय, ते आम्ही जाणून होतो. शिवाय दोन विद्यापीठं म्हणजे दोन संघ. आणखी बारा पोरांच्या अंगावर विद्यापीठाचा ब्लेझर. वाईट काय त्यात?

वाईट काय ते मैदानावर कळलं. निलंगा आमच्या कार्यक्रमपत्रिकेतून गायब. आता आमचे सामने दोन-अडीचशे किलोमीटरवरच्या कॉलेजांशी. संघ चांगले होते, पोरं चांगली होती. पण हरलो तर दुसऱ्या दिवशी बाजारात तोंड लपवायचं कुणापासून? जिंकलो तर कुणाच्या गावावरून जाताना एसटीच्या खिडकीतून ओरडायचं? प्रेक्षकही आटले. पूर्वी निलंग्याची माणसं टेम्पो भरून यायची, शिव्या घालायची, मग इथेच भजी खाऊन जायची.

पुढे एम.ए.ला असताना पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत आमचा आणि नांदेडचा सामना लागला. समोर पाटीवर तो बसलेला. छातीवर वेगळं नाव. तिसऱ्या मिनिटाला त्याने मला खांबावर टिपलं, अगदी पूर्वीसारखं. सामना संपल्यावर पाण्याच्या टाकीपाशी भेटला आणि म्हणाला, "उमरग्या, आपण आता परके झालाव की रे." हसत म्हणाला. मलाही हसू आलं. पण ते वाक्य तीस वर्षं झाली, अजून डोक्यात आहे.

भाचा म्हणतो त्या वावड्याही आमच्याकडे कमी नाहीत. 2004 मध्ये फक्त सोलापूर जिल्ह्यासाठी सोलापूर विद्यापीठ झालं, तेव्हा चौकातल्या टपरीवर रोज एक नवीन नकाशा. कुणी म्हणे उस्मानाबाद जिल्हा सोलापूरला जोडणार. कुणी म्हणे नाही, नांदेडला. कुणी म्हणे आपलंच वेगळं विद्यापीठ येणार. धाराशिवच्या उपकेंद्राचं स्वतंत्र विद्यापीठ व्हावं ही मागणी तर पुढेही होत राहिली. जिल्ह्याचं नाव बदललं, औरंगाबादचं नाव बदललं, आम्ही आहोत तिथेच आहोत. प्रत्येक वेळी चर्चा अंतराची, इमारतीची, परीक्षांची. रास्त आहे. पण आमचं पोरगं खेळणार कुणाशी, हा प्रश्न मी एकदाही कुणाच्या तोंडून ऐकला नाही. मीसुद्धा विचारला नव्हता, हे कबूल करतो.

आणि खेळाला आपला जिल्हा काही साधासुधा नाही. आपल्या उस्मानाबादच्या सारिका काळेने 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या महिला खो-खो संघाचं नेतृत्व केलं, सुवर्ण आणलं आणि 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळवला. अशी पोरगी उगाच तयार होत नाही. गावोगावच्या मातीत, शेजारच्या गावाला हरवायच्या ईर्ष्येतून खेळाडू घडतात, असं माझं मत. चुकीचं असेल तर सांगा.

मी भाच्याला विचारलं, "मग तुमच्या त्या शेजाऱ्याचं काय झालं?" कारण त्यांचंही एक निलंगा आहे. सिएटलचं वॉशिंग्टन विद्यापीठ. 1900 पासून या दोघांचा सामना होत आलाय, ॲपल कप म्हणतात त्याला. सिएटलवाले बिग टेनमध्ये गेले, हे मागे राहिले.

"तो सामना ठेवला मामा," भाचा म्हणाला. "गट वेगळे झाले तरी दोघांनी आपसात करार केला. 2028 पर्यंत दरवर्षी खेळायचं. पहिल्याच वर्षी, सप्टेंबर 2024 मध्ये, आमच्या लोकांनी सिएटलला जाऊन 24–19 नं हरवलं त्यांना!"

तो आनंदात होता आणि मी गप्प. इतकं सोपं होतं? गट कुणी का पाडेना, शेजाऱ्याशी आपण आपसात ठरवून खेळायचं. आम्हाला तीस वर्षांत हे का सुचलं नाही? कोण अडवत होतं? निलंगा आहे तिथेच आहे, एसटी रोज जाते.

दुसऱ्या दिवशी मी निलंग्याला फोन लावला. तो आता एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे, गुडघा दुखतो म्हणाला. माझी मुलगी आमच्या इथल्या कॉलेजकडून खो-खो खेळते. त्याच्याकडेही तयार झालेल्या पोरी आहेत. म्हटलं, एक सामना लावू या. ना विद्यापीठाचा, ना जिल्ह्याचा. प्रमाणपत्र नाही, ब्लेझर नाही.

थोडा वेळ तो काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "कुठं खेळायचं? तुमच्यात का आमच्यात?"

झालं, वीस मिनिटं त्यावरच भांडलो. शेवटी ठरलं की पहिला सामना त्यांच्याकडे, कारण त्याचा गुडघा. तारीख दिवाळीनंतरची. मुलीला सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "त्यांच्यात खांबावर सूर मारणारी कोण आहे?"

असो. सामना झाला की कळवतोच. हरलो तर मात्र कळवणार नाही. :)