शाळेच्या लायब्ररीत पालकांसाठी एक संध्याकाळ

कॅनडात ब्रॅम्प्टनला राहायला आलो तेव्हा थोरली दुसरीत होती. सप्टेंबरात शाळा सुरू झाली आणि तिच्या दप्तरातून स्कूल कौन्सिलच्या निवडणुकीचा कागद घरी आला. पालकसभा म्हणजे प्रगतिपुस्तकावर सही करून परत यायचं, एवढंच मला पुण्यात ठाऊक होतं. इथे ऑन्टॅरिओ प्रांतात २००० सालापासून स्कूल कौन्सिलचा रीतसर नियम आहे. प्रत्येक सरकारी शाळेत कौन्सिल असायलाच हवं, त्यात पालकांचं बहुमत हवं, वर्षाला निदान चार सभा व्हायला हव्यात. आणि प्रिन्सिपल सभासद असल्या तरी त्यांना मत नाही. मी फॉर्म भरला. जागांपेक्षा नावंच कमी आली होती, त्यामुळे निवडणुकीची वेळ आली नाही आणि मी कौन्सिलवर गेले.

सभेला येणारे चेहरे ठरलेले असत. पिझ्झा लंचचा हिशेब, पुस्तकांचं प्रदर्शन, मैदानातल्या सावलीसाठी वर्गणी, असे विषय निघत आणि संपत. न येणारे पालक कोण, हे मात्र सगळ्यांना माहीत होतं. विमानतळाजवळच्या गोदामांत रात्रपाळी करणारे, अमेरिकेपर्यंत ट्रक नेणारे, घरी तान्हं मूल असलेल्या आया, आणि नातवंडांना शाळेत सोडणारे, पण इंग्रजी न येणारे आजी-आजोबा.

तेव्हा प्रांताच्या शिक्षण मंत्रालयाची ‘पेरेंट्स रीचिंग आउट’ ही ग्रँट होती. सगळे तिला प्रो ग्रँट म्हणत. एका कौन्सिलला जास्तीत जास्त १,००० डॉलर. पालकांच्या सहभागात कोणते अडथळे आहेत, ते अर्जात लिहून द्यावं लागे. मला ही अट फार मोलाची वाटली. त्या अटीमुळेच भाषा, पाळीची वेळ, लहान मुलं आणि गाडी नसणं या गोष्टी आमच्या कौन्सिलने पहिल्यांदा कागदावर उतरवल्या.

पैसे कशावर खर्च करायचे यावर बरीच चर्चा झाली. तिसरी आणि सहावीला प्रांताची परीक्षा असते, म्हणून काही वडिलांचा आग्रह गणिताच्या कार्यशाळेचा होता. कौन्सिलवरच्या एका नर्सबाईंनी पालकांसाठी माइंडफुलनेसचा, म्हणजे लक्ष आत्ताच्या क्षणावर ठेवण्याच्या सरावाचा, विषय काढला आणि मी त्यांच्या बाजूने उभी राहिले. गणित शिकवायला शाळा आहे. पण दिवसभर उभं राहून आलेली आई संध्याकाळी मुलाशेजारी वही घेऊन बसते, तेव्हा तिच्या अंगात काय त्राण उरलेलं असतं, याकडे कोण बघतं? मूल आकड्यांना घाबरण्याआधी त्या टेबलावरच्या आवाजाला घाबरतं. मी हेच बोलले आणि थोड्या मतांच्या फरकाने ठराव मंजूर झाला.

हे मुलांनाच का शिकवू नये, असंही कुणी विचारलं होतं. त्याचं उत्तर मला पुढे मिळालं, ब्रिटनमधल्या ‘मायरियड’ या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ साली आले तेव्हा. ८५ शाळांतली आठ हजारांवर मुलं त्यात होती. वर्गात माइंडफुलनेस शिकवून मुलांच्या मानसिक आरोग्यात नेहमीच्या तासांहून जास्त फायदा दिसला नाही. शिक्षकांचा थकवा मात्र काही काळ कमी झाला. सुरुवात मोठ्यांपासून करावी, हे माझं मत त्यानंतर आणखी पक्कं झालं.

नर्सबाईंच्या ओळखीतून हे शिकवायला एक समाजसेविका मिळाल्या. मानधन त्यांनी बेताचंच घेतलं, म्हणून उरलेली रक्कम आम्हाला हवी तिथे वळवता आली: गरम जेवण, पंजाबी आणि उर्दू दुभाषे, मुलांसाठी रंग-कागद. मुलं सांभाळायला जवळच्या हायस्कूलचे विद्यार्थी आले. ऑन्टॅरिओत बारावीचा डिप्लोमा मिळवायला ४० तास समाजसेवा करावी लागते; ते तास त्यांना इथे मिळाले. मुलं जिममध्ये खेळत होती आणि आम्ही लायब्ररीत, पुस्तकांच्या कपाटांमधल्या लहान मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर बसलो होतो. बाहेर बर्फ पडत होता, तरी खुर्च्या कमी पडल्या आणि कस्टोडियनने वरच्या वर्गातून आणखी आणून दिल्या.

एका आईने सुरुवातीलाच विचारलं, “हे धर्माचं काही आहे का?” समाजसेविका बाईंनी सरळ सांगितलं, की याचं मूळ बुद्धाच्या शिकवणीत आहे, अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात रुग्णांसाठी त्याचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम बांधला, इथे मंत्र नाही, मूर्ती नाही, आणि न पटेल तो भाग सोडून द्यायला हरकत नाही. मला ते उत्तर पटलं. माझे वडील इगतपुरीला विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला जाऊन आलेले. मूळ लपवून ही गोष्ट विकणं मला बरं वाटलं नसतं. आणखी एक गोष्ट बाईंनी केली, ती मी नंतर प्रत्येक वक्त्याला सांगत आले आहे. डोळे मिटा, असं त्यांनी कुणालाच म्हटलं नाही. युद्धातून निघून आलेल्या माणसाला अनोळखी खोलीत डोळे मिटणं जड जातं. नजर समोर जमिनीवर ठेवा आणि तळपाय जाणवतात का बघा, इतकंच त्या म्हणाल्या.

मग एकेक मनुका हातात आली. ती बघायची, बोटांत फिरवायची, वास घ्यायचा, सावकाश चावायची. हा या शिकवणीतला नेहमीचा पहिला पाठ. एका पंजाबी आजींनी मनुका तशीच बशीत ठेवली आणि दुभाषीला काहीतरी म्हणाल्या. ती मुलगी थोडी संकोचली. बाई म्हणाल्या, “बीजी काय म्हणतात ते जसंच्या तसं सांग.” बीजींचं म्हणणं असं होतं: “मनुका गप्प बसून खाईन मी. पण नातू टॅब्लेट सोडून जेवत नाही, सून कामावर असते, आणि मी ओरडले की तो माझ्याकडे बघतही नाही. त्याचं सांगा.”

बाईंनी हातातले कागद बाजूला ठेवले आणि पुढचा सगळा वेळ बीजींच्या जेवणाच्या टेबलाला दिला. ओरडण्याआधी अंगात काय होतं? बीजींनी छातीवर हात ठेवला. तिथे गरम होतं, जबडा आवळतो. ते कळलं, की आपला चमचा खाली ठेवायचा, एक श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, नातवाच्या शेजारी जाऊन बसायचं आणि एकच वाक्य बोलायचं. लायब्ररीतल्या प्रत्येकाने आपापल्या घरचं ते एक वाक्य शोधलं. माझ्या शेजारच्या आईचं वाक्य सकाळच्या बुटांबद्दल होतं. स्नोसूटची चेन अडकते, बस सुटायची वेळ होते, तेव्हाचं.

तीन मिनिटांचा श्वासाचा पाठही बाईंनी शिकवला. तो झिंडेल सेगल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी नैराश्य पुन्हा उलटू नये म्हणून तयार केलेल्या उपचारातला आहे, आणि सेगल इथलेच, टोरांटोचे, हे कळल्यावर काही मंडळींना विश्वास वाटला. ट्रक चालवणारे एक वडील पुढच्या अशाच एका संध्याकाळी सांगत होते, की आता फेरी संपवून आलो की ड्राइव्हवेत इंजिन बंद करून तीन मिनिटं बसतो आणि मग दार उघडतो. पोरं आधी दाराशी यायला बिचकायची, आता येतात.

याने सगळं सुटतं असं नाही. एका आईला दोन नोकऱ्या करूनही भाडं पुरत नव्हतं. तिला श्वास घ्यायला सांगणं हा अन्याय झाला असता. बाईंनी तिला २११ नंबर फिरवून दिला, कुठली मदत कुठे मिळेल ते त्यावर कळतं, आणि ती बोलत होती तोवर शेजारी बसून राहिल्या. मला वाटतं, त्या संध्याकाळचं ते सर्वांत खरं काम होतं.

पुढे सरकार बदललं, ग्रँटची पद्धतही बदलली आणि पैसे स्कूल बोर्डांमार्फत येऊ लागले. आम्ही पिझ्झा लंचच्या पैशांतून अशा संध्याकाळी चालू ठेवल्या. बीजी कौन्सिलच्या सभेलाही येऊ लागल्या, दुभाषी मुलीला सोबत घेऊन.

महाराष्ट्रातल्या वाचकांनाही हे करता येईल. शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असं कायदाच सांगतो. पुढच्या बैठकीत पालकांसाठी एक संध्याकाळ मागा. आणि खर्चाचा कागद कराल तेव्हा पहिली ओळ मुलं सांभाळायच्या सोयीची लिहा, वक्त्याची नंतर.