वाफेवरची खिचडी

दिवे लागले की उज्जैनच्या फ्रीगंजमधला टॉवर चौक खाणाऱ्यांनी भरतो. पाणीपुरी, भुट्टा, कचोरी आणि त्यांच्याच पंगतीत साबुदाण्याची खिचडी. भिजलेला साबुदाणा उकळत्या पाण्याच्या वाफेवर ठेवलेला. फोडणीचं नाव नाही. गिऱ्हाईक आलं की तेवढाच भांड्यात घ्यायचा, मीठ-मिरची-मसाला घालून कालवायचा, लिंबू पिळायचं, वर बटाट्याचं फरियाली मिक्स्चर.

तिथल्याच एका मराठी मुलीच्या आजीला हे बिलकूल मंजूर नव्हतं. "ही खिचडी की भेळ?"

दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये उज्जैनची राजधानी ग्वाल्हेरला हलवली, पण मराठी घरं मागे उरली. बायजाबाई शिंद्यांनी बांधलेलं गोपाळ मंदिर आजही बाजारात उभं आहे. आजीच्या चुलीवर तुपात जिरं तडतडायचं, बटाट्याच्या काचऱ्या पडायच्या आणि दाण्याचं कूट सढळ हातानं. नात एकादशीला ती खिचडी निमूट खायची आणि संध्याकाळी टॉवरवर जाऊन ओरडायची, "भैया, नींबू ज्यादा!"

लग्न होऊन ती पुण्याला आली. सासरच्या खिचडीवर तिनं बटाट्याचा चिवडा पसरला तेव्हा सासूबाईंच्या भुवया वर गेल्या. पुढच्या चतुर्थीला त्यांनीच वाटी पुढे केली.

मग मुलाची सिंगापूरची नोकरी. तिथल्या चायनाटाउनमध्ये संध्याकाळी खायला गेल्यावर पाटी दिसली: सागो स्ट्रीट. एकोणिसाव्या शतकात इथे साबुदाण्याचे कारखाने होते, म्हणून हे नाव. सागो पामच्या खोडातलं पीठ आणून चिनी कारागीर त्याचे दाणे पाडत आणि माल जहाजांतून परदेशी जाई. दुसऱ्या महायुद्धात मलायाचा साबुदाणा भारतात येईनासा झाला. मग १९४३ च्या सुमारास तमिळनाडूतल्या सेलमला टॅपिओकाच्या कंदापासून तो बनू लागला. हा कंदही मूळचा दक्षिण अमेरिकेचा. आजीच्या सोवळ्यातल्या डब्यात एवढा प्रवास भरलेला होता!

चायनाटाउनच्या रस्त्यांवरचे फेरीवाले १९८३ मध्ये जवळच्या चायनाटाउन कॉम्प्लेक्समध्ये हलवले गेले. तिथं दोनशेहून अधिक गाळे आहेत. वोकखाली जाळ भडकतोय, ट्रे आदळतायत, तिला काय खावं कळेना. त्यात दिवस एकादशीचा. मुलानं गोडाच्या गाळ्यावरून वाटी आणली: साबुदाणा, नारळाचं दूध, माडाचा गूळ.

तिनं एकेक जिन्नस बोटावर मोजला. उपासाला न चालण्यासारखं एकही निघेना. "अजून एक आण," ती म्हणाली, "आणि लिंबू मिळतंय का बघ."