काळे आधी की कावळे?

राजूरला बसून मी प्रोग्रॅम लिहितो आणि हाताखालून सतत मराठी नावांच्या याद्या जातात. भोकरदनची घ्या नाहीतर जाफराबादची, आडनावांवरून सरळ 'सॉर्ट' केलं की क्षीरसागर खरातांच्या आधी येतात, काळे कावळ्यांच्या आधी, आणि 'ॲड.' लावलेले वकील पार ह च्याही मागे. युनिकोडमध्ये अक्षराला जो क्रमांक मिळाला, तेवढाच सॉर्ट पाहतं. ती मांडणी १९८८ च्या 'इस्की' या भारतीय लिप्यांच्या संकेतावलीवरून आली. तिच्यात ळ ल च्या मागोमाग बसतो, आणि क्ष म्हणजे क ला जोडलेला ष, म्हणून तो क मध्येच अडकतो. ॲ २००८ साली आला, तोवर मागचीच जागा शिल्लक होती. आपल्या शाळेतली वर्णमाला मात्र ह, ळ, क्ष, ज्ञ अशी संपते.

तरीही प्रोग्रॅमिंगच्या भाषेसोबत येणाऱ्या स्टँडर्ड लायब्ररीसाठी सॉर्ट लिहिणाऱ्यांबद्दल मला फार आदर आहे. टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये पायथनसाठी लिहिलेलं 'टिमसॉर्ट' यादीत आधीच क्रमाने असलेले तुकडे हेरतं आणि तेच जोडत जातं. त्याच्या वेगाचं कौतुक सगळेच करतात. मला त्याचा शब्द पाळणं जास्त मोलाचं वाटतं: बरोबरीच्या दोघांचा मूळ क्रम ते मोडत नाही. अंगारकीला इथल्या राजुरेश्वर गणपतीच्या दर्शनरांगेत आधी आलेला पुढेच राहावा, तसं. म्हणून यादी आधी नावांवरून लावा, मग गावांवरून. प्रत्येक गावातली नावं क्रमातच राहतात. जावास्क्रिप्टने ही हमी द्यायला २०१९ उजाडलं.

त्याच जावास्क्रिप्टचं सॉर्ट, काही न सांगता वापरलं तर, आकडेसुद्धा मजकूर समजून लावतं: २ च्या आधी १०. आता ते बदलताही येत नाही, कारण जगभरचे प्रोग्रॅम त्यावर उभे आहेत. न सांगता काय घडावं, हे ठरवणं मला अल्गोरिदमपेक्षा जोखमीचं वाटतं, कारण बहुतेक लोक तेवढंच वापरतात.

भाषेनुसार क्रम लावायची वेगळी सोय बऱ्याच ठिकाणी आहे. ती मागून घ्यावी लागते. मराठी यादी छापायला देण्याआधी तिच्यात काळे आणि कावळे ही दोन नावं घालून पाहा. काळे वर आले, तर ती यादी परत लावा.