ओसरीवरचा उजेड

घरातला उजेड केवळ दिसण्यापुरता नसतो. झोप, भूक, अंगातली ऊब आणि मनाची उभारी त्याच्यावर अवलंबून असते. डोळ्याच्या पडद्यात वस्तू दाखवणाऱ्या पेशींखेरीज आणखी थोड्या पेशी असतात. त्याही स्वतः उजेड टिपतात, हे 2002 मध्ये सिद्ध झाले. साधारण 480 नॅनोमीटरचा निळसर उजेड त्यांना सर्वाधिक जाणवतो आणि त्यांचा निरोप थेट मेंदूतल्या शरीरघड्याळाला पोचतो. सकाळच्या उजेडाने हे घड्याळ जुळते. रात्रीच्या उजेडाने मेलाटोनिन हे झोपेचे संप्रेरक दबते आणि झोप पुढे सरकते.

लातूर जिल्ह्यातल्या रेणापुरात उन्हाला तोटा नाही. ऐन थंडीतही दिवस अकरा तासांचा असतो, त्यामुळे उत्तर युरोपातली हिवाळी उदासी इथे शोधू नये. इथली उणीव छताखाली आहे. लक्स या उजेडाच्या मापात सांगायचे तर भर उन्हात अंगणात एक लाख लक्सच्या आसपास उजेड असतो, ओसरीच्या सावलीत काही हजार, आणि आतल्या खोलीत ट्यूबलाइटखाली जेमतेम दोनशे. नजर सरावते म्हणून हा फरक लक्षात येत नाही. शरीराला तो कळतो.

जुनी माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, घरे आतून भर दुपारीही काळोखी असत. झरोक्यातून पडलेला उन्हाचा कवडसा शेणाने सारवलेल्या जमिनीवरून सरकत कणगीपर्यंत जाई, तेवढाच काय तो आतला दिवस. पण माणसे त्या काळोखात बसून नसत. निवडणे-टिपणे ओसरीवर, काम शेतात, निजणे अंगणात बाजेवर. रात्री देवळीत चिमणी; मेणबत्तीएवढी ज्योत हातभर अंतरावरही मोजके लक्सच देते. त्या चिमणीचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. तिच्या धुराने डोळे चुरचुरत, छाती भरे आणि शिकणाऱ्या मुलांचे हाल होत. 1993 च्या भूकंपानंतर जिल्ह्यात माळवदाची जागा स्लॅबने आणि पत्र्याने घेतली, तीही जिवाच्या भीतीने. पुढे घराघरांत वीज आली, दिवसाचे जगणे आत शिरले आणि रात्र लख्ख झाली.

याची झळ सर्वांत जास्त पोरांना बसते. रेणापूरहून वीसेक किलोमीटरवरच्या लातुरात वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेची तयारी करणारी मुले सकाळी क्लासला आणि उरलेला दिवस अभ्यासिकेत असतात. प्लायच्या कप्प्यात, खिडकीकडे पाठ करून, डोक्यावर पांढरी एलईडी. दिवसा हा उजेड अपुरा पडतो. रात्री अकराला तोच जास्त होतो. मग झोप लागत नाही, सकाळी डोके जड होते, वाचलेले टिकत नाही, आणि आळशी म्हणून बोल पोराला बसतो. हे अन्यायाचे आहे. साखर कारखान्यातल्या रात्रपाळीच्या कामगाराचे दुखणे याच जातीचे, पण अधिक गंभीर. रात्रपाळीचे काम बहुधा कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2007 मध्येच नोंदवले.

तज्ज्ञांनी 2022 मध्ये दिलेले माप असे: शरीरघड्याळाच्या हिशेबाने दिवसा डोळ्यापाशी किमान 250 लक्स, निजण्याआधीच्या तीन तासांत जास्तीत जास्त 10, झोपेत 1. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. अभ्यासाचे टेबल खिडकीला लावावे, सकाळचा चहा ओसरीवर घ्यावा. बल्ब घेताना पाकीट वाचावे: 6500 के म्हणजे निळसर पांढरा, 2700 के म्हणजे पिवळसर. निजायच्या खोलीत पिवळसरच लावावा, तोही कमी वॅटचा.