दुसरी दिवाळी

आमच्या घरी पहिली दिवाळी झालीच नाही, तेव्हा मला विशेष काही वाटले नाही. दुसरी झाली, आणि मी न्हाणीघरात नळ सोडून रडलो.

हे असे उलटे का व्हावे, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. पेन्शनरला विचार करायला वेळ भरपूर असतो. उपयोगाचे विचार मात्र फारसे सुचत नाहीत.

आमची ही २०२२ च्या भाद्रपदात गेली. महिना-सव्वा महिन्यात दिवाळी आली. वर्षाच्या आत सण करायचा नाही, तळण काढायचे नाही, आकाशकंदील टांगायचा नाही, या रूढीची तरुणपणी मी यथेच्छ टिंगल केलेली आहे. पण त्या वर्षी तिच्यासारखी सोय दुसरी नव्हती. दार लोटून बसलो, तरी कुणी 'का हो, असे का?' म्हणून विचारले नाही. उलट ज्या घरी सण नाही तिथे शेजारापाजाऱ्यांनी फराळ पोचवायचा, या रिवाजाला जागून एकूण सात डबे आले. सात घरच्या सात चकल्या! त्यांतली एक इतकी कडक होती, की ती चहात बुडवावी लागली. कुणाची ते सांगत नाही. त्या बाई हा अंक वाचतात. रिकामा डबा परत करायचा नसतो, एवढे गृहज्ञान मला होते. म्हणून प्रत्येक डब्यात चार चमचे साखर घालून मी तो नेऊन दिला. कुणी हसले असेल तर माझ्या पाठीमागे.

शिवाय त्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्याच दिवशी, २५ ऑक्टोबरला, सूर्यग्रहण आले. पुण्यात सूर्य ग्रहण लागलेलाच मावळला. सगळी आळी गप्प होती. खरे सांगतो, मला बरे वाटले. आपल्या घरचा अंधार एक संध्याकाळ का होईना, सार्वजनिक झाला होता.

पुढल्या वर्षी अधिक श्रावण आल्यामुळे भाद्रपद तेरा महिन्यांनी आला. दुःखासाठी पंचांगाने एक महिना जास्तीचा मंजूर केला म्हणायचा. मग वर्षश्राद्ध झाले आणि परवानगी संपली. 'आता वर्ष झालं, आता सण करायचा,' असे ज्याने त्याने मायेनेच सांगितले. बंगलोरहून मुलगा, सून आणि नात आली. कंदील लागला. घरात पुन्हा बेसन भाजल्याचा वास सुटला.

२०२३ साली नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच रविवारी, १२ नोव्हेंबरला होते. पहाटे सुनेने पाट मांडला, तेल कोमट केले, उटणे कालवले. नागरमोथा, कचोरा, वाळा, आंबेहळद... तो वास आला, आणि चाळीस वर्षे पहाटे चारला 'उठा हो, नरकात जायचंय का?' म्हणून मला हलवणारा हात एकदम खांद्यावर आला. माझा एक डॉक्टर भाचा सांगतो, की डोळ्यांचे आणि कानांचे निरोप मेंदूत आधी एका मधल्या ठाण्यावर थांबतात आणि मग पुढे जातात. वासाला तो थांबा नाही. तो थेट भावना आणि आठवणी यांच्या घरात शिरतो. शिरतो खरा! मी न्हाणीघरात गेलो आणि दोन्ही नळ सोडले.

बाहेर आलो तो हसतमुखाने. ही हसतमुखी फार कष्टाची असते. दिवसभर मी नातीबरोबर फुलबाज्या उडवल्या, शेव वाखाणली, आलेल्या-गेलेल्याला 'उत्तम, उत्तम' म्हटले आणि रात्री अंग मोडून आल्यासारखा निजलो. झोप मात्र आली नाही. सोमवार मध्ये रिकामा होता, तोही असाच 'उत्तम' गेला. पण मंगळवारी पाडवा होता. पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते. मी ताटात पाकीट टाकले, की ही ते तिथल्या तिथे उघडून 'एवढंच?' म्हणायची. पाकीट जड असो की हलके, शब्द तोच!

संध्याकाळी सून दारात रांगोळी घालत होती. मी चपला घातल्या. तिने विचारले, "बाबा, आत्ता कुठे?"

'जरा पाय मोकळे करून येतो,' हे वाक्य ओठांवर होते. का कुणास ठाऊक, निराळेच बोललो. "ओवाळणीच्या वेळी मला घरात नको वाटतंय गं."

ती क्षणभर थांबली. तिची बोटे रांगोळीने पांढरी झाली होती. म्हणाली, "मग जाऊन या. आम्ही आमचं उरकून घेतो. जेवायला मात्र थांबणार हं आम्ही." आणि मी वळलो तशी हळूच म्हणाली, "परवा सकाळी दोन्ही नळ सोडलेले ऐकले होते मी."

बागेत गेलो तर काय! आमच्या नेहमीच्या बाकावर चारजण आधीच बसलेले. रोज सकाळी भेटणारी मंडळी, पण संध्याकाळी कधी न दिसणारी. चौघेही माझ्यासारखेच. बरोबर ओवाळणीच्या मुहूर्तावर चौघांनाही 'पाय मोकळे' करायचे होते. प्रथम आम्ही पावसाविषयी बोललो, मग गुडघ्यांविषयी. मग त्यांतल्या एका निवृत्त मास्तरांनी खिशातून कागदात गुंडाळलेले अनारसे काढले आणि म्हणाले, "हिला जाळी छान पडायची. हे विकतचे आहेत." त्यानंतर तासभर आम्ही फक्त बायकांविषयी बोललो. पुष्कळशा तक्रारीच होत्या. एकाने तर सांगून टाकले, की मागल्या दिवाळीत रात्री दोन वाजता घर खायला उठले, तेव्हा त्याने १४४१६ हा सरकारी मदतीचा नंबर फिरवला होता. पलीकडच्या मुलीने वीस मिनिटे ऐकून घेतले. "फुकट!" तो म्हणाला. हा गृहस्थ जन्मभर बँकेत होता.

घरी परतलो तेव्हा पाने वाढायची थांबली होती. नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही रडलात का?" मी म्हटले, "हो, थोडासा." तिने विचार केला आणि ताटातली आपली करंजी माझ्या ताटात ठेवली.

२०२४ चा पाडवा २ नोव्हेंबरला, शनिवारी आला. मी सुनेला सांगूनच निघालो. तिने डब्यात चकल्या भरून दिल्या होत्या. बाकावर आम्ही पाचजण दाटीवाटीने बसलो होतो. थोड्या वेळाने पलीकडल्या गुलमोहराखाली एक नवे गृहस्थ उभे राहिलेले दिसले. नवा सदरा, हातात काही नाही, आणि कुठे बघावे ते ठरत नसल्यासारखे घड्याळाकडे पाहत होते.

मास्तर जरा सरकले. मीही सरकलो.